चांदनी कोणाची, हामिद कोणाचा?

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की कविता, कथा, आत्मकथन यांवर भरभरून बोलले जाते. बालसाहित्याचे नाव काढले की सभागृह गप्प होते. वास्तविक पाहता आपल्या घरांतील मुले गोष्टींवरच वाढतात, आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना तर वर्गात रोज एक तरी गोष्ट लागते. या गोष्टींतील फार थोड्या नव्या असतात. कोणीतरी, कुठेतरी आधी सांगितलेली गोष्टच आपण आपल्या भाषेत पुन्हा सांगतो. त्यात गैर काही नाही. पण पुन्हा सांगताना काय घ्यावे, काय घेऊ नये, आणि घेतल्यावर कोणाचे नाव लिहावे, याचा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. मुखपृष्ठावर ‘रूपांतर’ किंवा ‘संकलन’ असा एक शब्द छापला की सगळे मोकळे.

काही वर्षांपूर्वी एका कथाकथन स्पर्धेला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. ‘स्वरचित कथा’ या गटात एका मुलाने छान गोष्ट सांगितली. हरी नावाचा पोरका मुलगा आजीने दिलेले मोजके पैसे घेऊन गावच्या जत्रेला जातो. बाकीची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हा आजीसाठी चिमटा आणतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटे पोळतात. आमच्या शेजारी बसलेली मुले कुजबुजू लागली, “टीचर, ये तो हामिद है!” हरीला पहिले बक्षीस मिळाले. आम्ही परीक्षकांकडे हळूच विषय काढला, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “अहो, प्रेमचंदांचा कॉपीराइट संपून जमाना झाला. आता ती गोष्ट सगळ्यांची.”

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा चालतो. लेखकाच्या हयातीत निघालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर पूर्वी ५० वर्षे टिकत असे, आता ६० वर्षे टिकतो. ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून होते. प्रेमचंद १९३६ साली वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापून आलेल्या साहित्यावरील हक्क १९८६ अखेर संपला. पुढे रवींद्रनाथ टागोरांच्या पुस्तकांची मुदत १९९१ अखेर संपणार होती. विश्वभारतीचा तो मोठा ठेवा. मुदत संपायला तीन-चार दिवस उरले असताना सरकारने वटहुकूम काढला आणि १९९२ च्या दुरुस्तीने ५० ची ६० वर्षे झाली. त्यामुळे रवींद्रनाथ २००१ अखेरपर्यंत बांधलेले राहिले. पण जे आधीच मोकळे झाले होते, ते पुन्हा बांधले गेले नाहीत. म्हणून ‘ईदगाह’ आज कोणीही छापावी, मराठीत आणावी, संक्षिप्त करावी, तिचे नाटक बसवावे. ‘काबुलीवाला’चेही २००२ पासून तसेच.

मग आमची तक्रार कशाबद्दल? ‘स्वरचित’ या शब्दाबद्दल तर आहेच. ज्या लेखकाची गोष्ट, त्याचे नाव एका श्वासात सांगता येते. पण त्याहून मोठी तक्रार हरीबद्दल आहे. ‘ईदगाह’मधून ईद काढली, नमाजाला एका रांगेत झुकणारी माणसे काढली, अमीना दादी काढली, हामिद काढला, की उरतो तो एक लोखंडी चिमटा आणि एक शहाणे बाळ. ही गोष्ट मराठी मुलांना मुसलमान घरात घेऊन जाणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे. ज्या मुलाने शेजारच्या मोहल्ल्यातील ईद कधी पाहिली नाही, त्याला हामिदच्या पाठोपाठ ईदगाहपर्यंत जाता येते. जत्रा केली की ते दार बंद होते. याला कायदा मनाई करत नाही, आणि करावी असे आमचे म्हणणेही नाही. ते काम समीक्षेचे आहे, आणि बालसाहित्याची समीक्षा आपल्याकडे पुस्तकाच्या मागच्या पानावरील चार ओळींपुरतीच होते.

इथे कोणी आम्हाला पेचात पकडू शकेल. गोष्टीचा मुलूख बदलणे, माणसांची नावे बदलणे हा गुन्हा असेल तर डॉ. झाकिर हुसेन यांचे काय?

उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘अब्बू खाँ की बकरी’ सांगावी लागत नाही. अल्मोड्याचे एकटे म्हातारे अब्बू खाँ, त्यांच्या दोर तोडून पहाडात पळणाऱ्या बकऱ्या, तिथे टपून बसलेला लांडगा, आणि मग चांदनी. चांदनीलाही पहाड खुणावतो. ती खिडकीतून निसटते, दिवसभर मोकळी हिंडते. संध्याकाळी परत फिरण्याची संधी असूनही ती परतत नाही आणि लांडग्याशी रात्रभर झुंजते. ही कहाणी झाकिरसाहेबांनी जामियात असताना मुलांसाठी लिहिली आणि ‘रुकय्या रेहाना’ या नावाने छापली. हे त्यांच्या लहानपणीच दगावलेल्या मुलीचे नाव. देशाचा पुढे राष्ट्रपती झालेला माणूस आपल्या मृत लेकीच्या नावाने मुलांसाठी गोष्टी लिहितो, ही हकीकत सांगताना आजही आमचा आवाज स्थिर राहत नाही.

पण चांदनी मुळात अल्मोड्याची नाही. ती फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्सची आहे. आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाच्या ‘पवनचक्कीतील पत्रे’ या १८६९ च्या पुस्तकात ‘मस्य सगँ यांची बकरी’ ही कथा आहे. तिथल्या बकरीचे नाव ब्लाँकेत. मालकाच्या सहा बकऱ्या लांडग्याने नेलेल्या, ही सातवी. तीही खिडकीतून पळते, तीही रात्रभर लढते आणि पहाटे मरते. सांगाडा तोच आहे, हे मान्य करावेच लागेल.

दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की फरक दिसू लागतो. दोदेची कथा हे पॅरिसमधील एका कवीला लिहिलेले पत्र आहे. कवीला वर्तमानपत्रातील नोकरी चालून आली आहे आणि स्वातंत्र्य जाईल म्हणून तो ती नाकारतो आहे. त्याला दोदे म्हणतात, बाबा, स्वतंत्र राहायला गेलेल्या बकरीचे काय झाले ते ऐक. म्हणजे कथेचे टोक सावधगिरीकडे वळलेले. दोदेचा आवाज मिस्कील आहे, बकरीबद्दल त्याला मायाही आहे. पण शेवटचा शब्द लांडग्याचाच. झाकिरसाहेबांनी पत्र आणि कवी काढून टाकले आणि कथा गुलाम देशातील मुलांसमोर ठेवली. पहाटे दोदेच्या कथेत दूरच्या वाडीवर कोंबडा आरवतो. झाकिरसाहेबांच्या कथेत खालच्या वस्तीतील मशिदीतून अजान ऐकू येते, आणि चांदनी अल्लाहचे आभार मानून कोसळते. त्यानंतर झाडावरील पाखरांत वाद सुरू होतो की जिंकले कोण. बहुतेकांचे मत लांडग्याच्या बाजूने पडते. एक म्हातारी चिमणी तेवढी म्हणते की चांदनी जिंकली.

आमच्या मते उर्दू बालसाहित्यातील हा सर्वांत मोठा निर्णय आहे. पाखरांचा वाद दोदेकडे नाही. म्हातारी चिमणी दोदेकडे नाही. तिच्या एका मताने सबंध कथा उलटी फिरते आणि सावधगिरीचा धडा आझादीची कहाणी होतो. मुलांना आम्ही विचारतो, तुम्ही त्या झाडावर असता तर काय म्हणाला असता? दरवर्षी वर्गाचे दोन तट पडतात. एक मूलगी म्हणाली होती की बकरी हरली, पण लांडग्याला ते माहीत नाही. यावर आम्ही काय बोलणार!

तर हरी आणि चांदनी यांतील फरक हा आहे. दोघांचाही मुलूख बदललेला आहे. झाकिरसाहेबांनी मुलूख बदलून कथेत भर घातली, तिला नवा अर्थ दिला. हरीच्या कर्त्याने मुलूख बदलून कथेतील अर्थ कमी केला आणि बदल्यात काहीच दिले नाही. एखादे पुनर्कथन चांगले की वाईट हे मूळ कथेशी ते किती ‘प्रामाणिक’ आहे यावरून आपण ठरवत असतो. सांगणाऱ्याने स्वतःचे काय घातले, हा प्रश्न आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

गंमत अशी की कायदाही थोडाफार असाच विचार करतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांचा तंटा आला होता. न्या. मुर्तजा फजल अली यांनी त्यात लिहिलेला निकाल आजही आधाराला घेतला जातो. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. ते ज्या रीतीने मांडले, गुंफले, त्या मांडणीवर असतो. बकरी पळते आणि लांडग्याशी लढते, हे सूत्र कोणाचेही नाही. दोदे १८९७ मध्ये वारले, तेव्हा त्यांची मांडणीही केव्हाच मोकळी झालेली आहे. पण अब्बू खाँ, चांदनी, अल्मोडा, पाखरांची पंचायत आणि ती म्हातारी चिमणी, ही मांडणी झाकिरसाहेबांची आहे.

आणि ती अजून मोकळी नाही. टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाची मुदत एरवी प्रकाशनापासून ६० वर्षे धरतात. पण ती संपण्यापूर्वी लेखकाचे खरे नाव उघड झाले तर मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजली जाते. झाकिरसाहेबांचे नाव त्यांच्या हयातीतच सर्वांना ठाऊक झाले होते. त्यांचे निधन ३ मे १९६९ रोजी झाले. म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत ‘अब्बू खाँ की बकरी’चा मराठी अनुवाद किंवा सचित्र संक्षेप छापायचा तर हक्कधारकांची परवानगी हवी. संक्षेप हेसुद्धा कायद्याने ‘रूपांतर’च असते, आणि गोष्ट केवळ चित्रांतून सांगितली तरी तेच. “आम्ही शब्द बदलले, मग आमचे झाले” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग अजान? ती कोणाची मालमत्ता असू शकत नाही. कोणत्याही कथेत पहाटे अजान होऊ शकते. पण रात्रभर लांडग्याशी लढलेली बकरी अजान ऐकून शुक्र अदा करते, हा क्षण झाकिरसाहेबांचा आहे. इतक्या बारीक रेषेवर हा सगळा व्यवहार चालतो.

मराठीत या रेषेवरून सर्वांत सहज चाललेला माणूस म्हणजे साने गुरुजी. कोकणातील पालगडचा हा लेखक आपल्या वाचकांना ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकामुळेही जवळचा आहे. त्यांची ‘मनूबाबा’ ही जॉर्ज एलियट यांच्या ‘सायलस मार्नर’ची मराठी वेषातील कथा, ‘दुःखी’ ही व्हिक्टर ह्यूगोच्या महाकादंबरीची. एलियट १८८० मध्ये वारल्या, ह्यूगो १८८५ मध्ये. त्या काळच्या ५० वर्षांच्या हिशेबाने दोघांचेही हक्क १९३५ अखेर संपलेले होते. गुरुजींच्या पुनर्कथनात अश्रू थोडे जास्त आहेत, हे आम्ही आदराने नोंदवतो. पण विणकर मनूबाबा मराठी मुलाला परका वाटत नाही, हे श्रेय गुरुजींचेच. ते स्वतः १९५० मध्ये गेले, आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांची हयातीत निघालेली पुस्तकेही सर्वांसाठी खुली झाली. तेव्हापासून ‘श्यामची आई’ अनेकांनी छापली आहे. हे चांगलेच झाले. मात्र पानोपानी चित्रे आणि चार-चार ओळी अशा बाल-आवृत्त्यांवर ‘मूळ लेखक’ बारीक अक्षरात आणि ‘संपादक’ ठळक अक्षरात पाहिले की हात आखडतो.

आतापर्यंत बोललो ते छापलेल्या गोष्टींबद्दल. आपल्या घरांतील गोष्टी मात्र बहुतेक छापलेल्या नसतातच.

आमच्या कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यानपिढ्या चित्रकथी सांगत आला आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि गात, वाजवत कथा सांगायची. अशा एका कथेच्या चित्रसंचाला ते पोथी म्हणतात. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा साऱ्या तालुक्याला अभिमान वाटला. आता विचार करा. कथा व्यासांची, वाल्मीकींची. कोणाच्याच मालकीची नाही. चित्रे पूर्वजांची, तीही मुदतीबाहेर. उरते ते सांगणे. उद्या कोणी ध्वनिमुद्रण केले तर कायदा कलाकाराला त्या एका प्रयोगापुरता हक्क देतो. पण ती सांगण्याची रीत ज्या समाजाने जपली, त्या समाजाला कॉपीराइटच्या कायद्यात जागा नाही. ऐकून घेऊन जो लिहितो, तो ‘लेखक’ होतो.

आपल्या कोकणी मुसलमान घरांतील आजी-नानींचेही असेच होत आले आहे. रमजानच्या रात्री तरावीहची मंडळी परतेपर्यंत मुलांना जागे ठेवण्यासाठी सांगितलेल्या कहाण्या, जिन्नांच्या, शेखचिल्लीच्या, गलबतावर गेलेल्या नवऱ्यांच्या. आमच्या परिचयाच्या एका बाईंनी आपल्या सासूकडून ऐकलेल्या अशा काही कहाण्या लिहून एका प्रकाशकाकडे दिल्या होत्या. पुढे त्यांतील तीन एका संग्रहात आल्या. वाक्ये त्यांचीच होती, नाव मात्र ना त्यांचे, ना सासूचे. विचारल्यावर उत्तर आले, “लोककथा आहेत, त्यांना कसले नाव?” हे उत्तर अर्धेच खरे आहे. लोककथेवर हक्क नाही. पण बाईंनी लिहिलेल्या वाक्यांवर त्यांचा पूर्ण हक्क होता. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. आणि पैसे घेऊन हक्क विकला तरी ‘हे माझे लेखन आहे’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. बाईंना यातले काही ठाऊक नव्हते.

सासूबाईंच्या नावाचे काय, हे मात्र कायदा विचारत नाही. त्यासाठी अलादीनची हकीकत आठवावी. अलिफ लैला मराठीत आली ती इंग्रजीवरून, कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’मुळे. पण अलादीन आणि अलीबाबा या दोन कथा अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाहीत. फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालाँ यांना त्या १७०९ मध्ये पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या हलबच्या एका तरुण सीरियन ख्रिस्ती माणसाने तोंडी सांगितल्या. गालाँ यांनी आपल्या रोजनिशीत ते लिहून ठेवले. पुस्तकात मात्र त्याचे नाव घातले नाही. जग जिंकणाऱ्या कथेचा सांगणारा दीर्घकाळ निनावी राहिला. रोजनिशी नसती तर आजही राहिला असता. आपल्या नानींची तर कोणी रोजनिशीही लिहिलेली नाही.

शिक्षक मित्र विचारतात, मग वर्गात गोष्ट सांगायचीच नाही काय? जरूर सांगावी. शिकवताना मजकूर उतरवून देण्याची, प्रश्नपत्रिकेत घेण्याची मुभा शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांविरुद्ध २०१६ मध्ये ही मुभा उच्च न्यायालयाने भक्कम केली. स्नेहसंमेलनात ‘चांदनी’चे नाटुकले बसवले आणि समोर शाळेचीच माणसे व पालक असतील तर परवानगी लागत नाही. तिकीट लावून गावासाठी प्रयोग केला की प्रश्न वेगळा होतो. हिमगौरीचे सात बुटके भिंतीवर खुशाल रंगवावेत, ग्रिम बंधूंची हरकत नाही. पण डिस्नेने १९३७ च्या चित्रपटात त्यांना दिलेले चेहरे आणि नावे डिस्नेची आहेत. आमच्या जिल्ह्यातील निम्म्या अंगणवाड्यांच्या भिंती या हिशेबात बसणार नाहीत, ते असो.

आम्ही काही शिक्षक मिळून उर्दूतील मुलांच्या गोष्टी मराठी शाळांसाठी मराठीत आणत आहोत. ‘ईदगाह’ त्यात आहे, हामिद आणि अमीना दादीसकट, आणि ईदगाह म्हणजे काय याची तळटीपही घातलेली नाही. कथेतच ते कळते. ‘अब्बू खाँ’साठी परवानगीचे पत्र टाकले आहे. होकार आला तर पहिल्या पानावर तीन नावे येतील: आल्फोन्स दोदे, डॉ. झाकिर हुसेन, आणि त्यांनी जे स्वतः छापले होते ते रुकय्या रेहाना. नकार आला तर थेट दोदेची बकरी घेऊ. पण ती फ्रेंचमधून आणणारा कोणी मिळायला हवा, कारण हाताशी असलेल्या नव्या इंग्रजी भाषांतरावरही भाषांतरकाराचा हक्क आहे. घरगुती कहाण्यांच्या भागात प्रत्येक कहाणीखाली सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव येईल. दोघींनी नाव छापायला नकार दिला आहे. त्यांच्या कहाण्यांखाली त्यांच्या संमतीने फक्त गाव लिहू.